सौ. वृषाली तोडकर आभार मानतील

मांडववाल्या पोळांना माझ्यापेक्षा जास्त गुण पडले, तिथून हे सगळं सुरू झालं.

साताऱ्याला परिषदेच्या कार्यालयात कार्यकारिणीची बैठक होती. भिंतीवरच्या पडद्यावर नावं आणि नावांपुढे आकडे. मी वरून खाली वाचत गेले. सगळ्यात वर डॉ. अच्युत बेहेरे, म्हणजे आमचे बेहेरे सर. बरं, ठीक आहे. मग विद्यमान अध्यक्ष डॉ. निरंजन गोगटे. मग एक माजी अध्यक्ष, जे आपल्या सबंध कारकिर्दीत फक्त उद्घाटनाला आणि जेवणाला आले होते. मग आणखी बरीच मंडळी. मग पोळ मंडपवाले. आणि मग मी.

"मॅडम, काहीतरी तांत्रिक घोळ असणार," गोगटे चष्मा पुसत म्हणाले. माणूस वाईट नाही, पण अडचणीची गोष्ट निघाली की त्यांचा चष्मा हमखास मळतो.

"घोळ कसला? मांडव चांगलाच घालतात की ते," मी म्हटलं.

दोघंतिघं हसले. मला घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं, बाकी काही नाही.

आमची दख्खन भूकंपशास्त्र परिषद तशी जुनी संस्था. वर्षाला एक अधिवेशन, एक पदक आणि एक अध्यक्ष. स्थापनेपासून आजवर त्या खुर्चीवर बाई बसलेली नाही. यंदा मी बसणार असं सगळेच म्हणत होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही ते मनात धरून होते. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. पण निवडणुकीतली भांडणं आणि गटबाजी नको, बायकांना आणि मागे राहिलेल्यांना न्याय मिळावा, म्हणून परिषदेने थाटामाटात ठराव केला होता की यापुढे अध्यक्ष यंत्राने सांगायचा. त्या ठरावाला अनुमोदन माझंच होतं.

यंत्राचं नाव श्रेयदर्शक. त्यामागची कल्पना सोपी आहे आणि मला आजही पटते. एखादं मोठं काम घ्यायचं. त्यात हात असलेल्यांपैकी एकेकाला मनातून वजा करायचं आणि विचारायचं, हा माणूस नसता तर हे काम उभं राहिलं असतं का? ज्याला काढल्यावर काम जास्त कोसळतं, त्याचं श्रेय जास्त. हे ठरवायला यंत्र सगळं चाळतं. शोधनिबंध, त्यांचे कच्चे मसुदे, उपकरणांच्या नोंदी, बैठकांची आणि अधिवेशनांची ध्वनिमुद्रणं. बाई की बुवा, आडनाव काय, गाव कुठलं, हे त्याला कळतच नाही. दुसऱ्या संस्थांमध्ये त्याने चांगलं काम केलं होतं, कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली माणसं वर आणली होती. आमच्याकडे त्याने मांडववाला वर आणला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शाहीनने यंत्राला सरळ कारण विचारलं. डॉ. शाहीन मुलाणी ही माझी विद्यार्थिनी, आता सहकारी. खटावची पोरगी, जिभेला हाड नाही आणि कामाला थकवा नाही.

"भूकंप मोजायच्या काचतारेच्या पद्धतीत तोडकर मॅडमना श्रेय का नाही?" तिने विचारलं.

आणि खोलीत माझाच आवाज घुमला. तरुण, गोड, घाईतला आवाज. "ही पद्धत आदरणीय बेहेरे सरांच्या कल्पनेतून जन्माला आली. सरांच्या मार्गदर्शनाशिवाय हे काम शक्यच झालं नसतं." मग पुढल्या वर्षीचा आवाज. मग त्याच्या पुढल्या वर्षीचा. "गोगटे सरांच्या पाठबळाशिवाय शक्यच झालं नसतं." "पोळबंधूंच्या सहकार्याशिवाय हे अधिवेशन शक्यच झालं नसतं."

नंतर यंत्र बोललं. त्याचा आवाजही बाईचाच. "साक्ष जाहीर. संबंधित व्यक्ती समक्ष हजर. आक्षेप कोणाचाही नाही. साक्षीदाराचा स्वतःचा फायदा नाही. साक्षीदाराची विश्वासार्हता परिषदेत सर्वोच्च."

शाहीन माझ्याकडे बघत राहिली. "अगं बाई!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आता आभारप्रदर्शन म्हणजे काय, हे त्या यंत्र बनवणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? बाहेरची मंडळी ती. आपल्याकडे आभार सुरू झाले की खुर्च्या सरकायला लागतात. मागच्या रांगा जेवणाच्या वासाने आधीच उठलेल्या असतात. आभार मानणाऱ्याने कोणाचं नाव गाळायचं नाही, नाहीतर तो माणूस वर्षभर फुगून बसतो. प्रत्येकाला जरा जास्तच द्यायचं. आणि स्वतःचं नाव घ्यायचं नाही, ते तर विचारायलाच नको. मी परिषदेत आले त्या वर्षी कोणीतरी म्हणालं, तुमचा आवाज छान आहे, तुम्हीच माना आभार. तेव्हापासून मीच. पत्रिकेतली शेवटची ओळ दरवर्षी तीच असते, 'सौ. वृषाली तोडकर आभार मानतील'. मी लग्न केलेलं नाही. पहिली काही वर्षं सांगून पाहिलं, मग नाद सोडला. वरच्या सगळ्या ओळींत डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. गोगट्यांना आणि मला पीएच.डी. एकाच समारंभात मिळाली होती.

म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कोणीही जे कधी खरं मानलं नाही, ते एका यंत्राने शब्दन् शब्द खरं मानलं. आणि 'शक्यच झालं नसतं' हाच तर त्याचा नेमका प्रश्न. मी त्याला दरवर्षी तयार उत्तर देत आले होते.

"साक्ष मागे घेता येते," शाहीन नियम वाचत म्हणाली. "तुमची साक्ष आहे, तुम्हीच मागे घेऊ शकता. अधिवेशनाच्या आत. मग यंत्र नुसत्या नोंदी बघेल, आणि नोंदींत सगळं तुमचंच आहे."

"आणि सरांचं काय होईल?"

तिने यंत्राला तेही विचारून पाहिलं. सरांचा आकडा धाडकन खाली आला. पद्धतीवरचं त्यांचं नाव जाणार होतं. यंदापासून त्यांच्या नावाने सुरू होणारं पदकही.

"जाऊ दे की," शाहीन म्हणाली. "कल्पना तुमची आहे, मॅडम."

होती. माझीच होती. टेलिफोनच्या जुन्या काचतारा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, रस्त्यांखाली नुसत्या पडून होत्या. अशा तारेत प्रकाशाचा बारीकसा ठोका सोडला, की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून त्याचा अगदी किंचित भाग मागे परततो. जमीन हलली की तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. किती वेळाने परतला यावरून कुठे हलली तेही कळतं. म्हणजे एकेक लाखमोलाचं यंत्र डोंगरात पुरत बसण्याऐवजी सबंध रस्ताच भूकंपमापक होतो. मला ते सुचलं एका जीपमध्ये. टेलिफोन केंद्रातल्या तपासणीच्या उपकरणावर, खडीच्या खाणीत सुरुंग उडाला की पडद्यावरची रेघ थरथरते हे मी पाहिलं होतं. परतताना सरांना सांगितलं. सर गाडी चालवत होते. म्हणाले, "खुळी आहेस का?" आणि पुढच्याच आठवड्यात त्या खुळेपणासाठी परवानगी आणायला मुंबईला जाऊन बसले. तेही खरं आहे.

आज धरणाच्या खोऱ्यातल्या शाळांत धक्का पोचायच्या आधी घंटा वाजते, ती याच तारांमुळे. पण ती घंटा भरवशाने वाजते ती शाहीनमुळे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते असे हादरायचे की यंत्रणा आंधळी व्हायची. ही पोरगी त्या ट्रॉल्यांवर बसून गावोगाव फिरली आणि तो गोंगाटच तारेची पारख करायला वापरला. आता खोऱ्याच्या सबंध जाळ्याला प्रमुख नेमायचा होता. तो हक्क तिचाच. पण श्रेयदर्शक शिष्याचं काम गुरूच्या कामाला जोडून मोजतं. माझ्या खाती काही नाही, म्हणून तिच्याही खाती काही नाही.

मी म्हटलं, आधी सरांना भेटून येते.

सर वाईला राहतात. गाडी आपली आपण चालली होती आणि मी मागे डोळे मिटून काय बोलायचं ते जुळवत होते. कुमुदकाकूंनी दार उघडलं. सर खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. मला बघून चेहरा खुलला.

"ये, वृषाली, ये! तुला ती गोष्ट सांगितली का मी, काचतारेची?"

"सांगा ना, सर."

"मी जीप चालवत होतो. तू शेजारी शेंगा खात बसली होतीस. आणि मला एकदम सुचलं. मी म्हटलं, वृषाली, ही तार ऐकते आहे! तू मला म्हणालीस, सर, खुळे आहात का?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आठवतं का तुला?"

शेंगा मी खरंच खात होते. तेवढं बरोबर होतं.

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. काकू कॉफी गाळत होत्या. "हल्ली रोज हेच सांगतात," त्या हळूच म्हणाल्या. "नातवाचं नाव विसरतात, पण हे नाही. तुझी आभाराची भाषणं आहेत ना मोबाईलवर, तीच लावून ऐकत बसतात. मला म्हणतात, बघ, पोरगी किती मानते मला." काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं काय ते मला ठाऊक आहे गं. त्या दिवशी घरी येऊन मलाच म्हणाले होते, तोडकरांच्या पोरीचं डोकं चालतं. पण आता त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नाही बघ."

मी कॉफी प्यायले आणि परत आले. मला सरांचा राग आला का? आला. सडकून आला. एवढी वर्षं समोर बसून ऐकत होते, एकदा तरी म्हणायचं होतं की नाही बुवा, हे हिचं आहे. तेव्हा तर सगळं आठवत होतं. पण आता कोणावर रागवायचं? रागवायचा तो माणूस त्या खुर्चीत उरलेलाच नव्हता. आणि राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो.

"मी साक्ष मागे घेणार नाही," मी शाहीनला सांगितलं.

"म्हणजे अध्यक्ष होणार नाही?"

"नाही झाले तर काय बिघडतं? काय सोनं लागलंय त्या खुर्चीला?"

ती अशी भडकली की मी बघतच राहिले. "तुमचं बिघडत नसेल, मॅडम. माझं बिघडतं! तुम्ही मोठ्या मनाने सोडून देणार, आणि त्या मोठ्या मनाखाली मी चेंगरणार. मी ट्रॉल्यांवर बसून हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय पोळ मंडपवाल्यांच्या हाताखाली नाव लावायला? आणि मला कार्यालयातून काल काय फोन आला माहीत आहे? म्हणे, तोडकर मॅडम आता दमल्यात, पुढच्या वर्षीपासून आभार तुम्ही मानाल का, तुमचं मराठी किती छान आहे!"

दार आपटून गेली. ते फोनचं मला नवीन होतं. तोवर मी हे सगळं माझ्या एकटीचं दुखणं समजत होते.

अधिवेशन नेहमीसारखं झालं. पोळांचा मांडव, फुलांचे गुच्छ, लांबलेली भाषणं. बेहेरे सर पहिल्या रांगेत, शेजारी काकू. गोगट्यांनी जाहीर केलं की मांडवातली प्रत्येक साक्ष यंत्र ऐकतं आहे आणि त्याच क्षणी आक्षेप मागवेल. हा नियम त्यांनीच हट्टाने घालून घेतला होता, पुढे कोर्टकचेरी नको म्हणून. आभार संपले की आकडे कायम होणार.

शेवटी माझं नाव पुकारलं. खुर्च्या सरकल्या. मागून जिलबीचा वास येत होता.

मी माईकपाशी गेले. हातात नावांचा नेहमीचा कागद होता, तो घडी करून पर्समध्ये टाकला.

"आज मी एकाच व्यक्तीचे आभार मानणार आहे," मी म्हटलं. "बाकीच्यांनी रागवायचं तर खुशाल रागवा."

उठलेले लोक उभ्या उभ्या थांबले.

मग मी शाहीनबद्दल बोलले. ट्रॉल्या, गाळप, गोंगाट, तो गोंगाट कामाला लावायची तिची युक्ती, बंद पडलेली घंटा परत वाजायला लागली ती सकाळ. कुठे वाढवून सांगितलं नाही, कुठे 'आदरणीय' लावलं नाही. आणि शेवटी तेच नेहमीचं वाक्य म्हटलं, फक्त या वेळी ते खरं होतं. "डॉ. शाहीन मुलाणी यांच्याशिवाय हे काम शक्यच झालं नसतं."

"कोणाचा आक्षेप?" यंत्राने विचारलं. कोणाचाच नव्हता. पडद्यावर शाहीनचं नाव वर सरकायला लागलं. गोगट्यांच्या वर गेलं आणि थांबलं. परिषदेत माझ्या शब्दाला केवढी किंमत होती! ती मला स्वतःसाठी वापरता येत नव्हती एवढंच. मी माईक ठेवला. संपलं, आता घरी जाऊ, असं वाटलं.

शाहीन धावत मंचावर आली आणि तिने माईक उचलला. डोळे लाल होते.

"मलाही आभार मानायचेत," ती म्हणाली. "काचतारेची कल्पना वृषाली तोडकर यांची आहे. त्यांच्याशिवाय ती शक्यच झाली नसती."

मी तिचा हात धरला, "शाहीन, नको," पण बोलून झालं होतं. गोगट्यांनी चष्मा काढला. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे जमिनीकडे बघत होते.

"कोणाचा आक्षेप?"

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. बेहेरे सरांचा.

काकू तो हात खाली ओढू बघत होत्या. म्हटलं, आता सर म्हणणार, कल्पना माझी होती, आणि या वयात सगळ्यांसमोर त्यांची शोभा होणार. एकाने त्यांच्यासमोर माईक धरला.

"आक्षेप आहे," सर म्हणाले. माझ्याकडे बघत होते, ओळख पटवत असल्यासारखे. "डॉक्टर. डॉक्टर तोडकर म्हणा."

मी तिथेच मंचाच्या पायरीवर बसले. रडले, साऱ्यांसमोर, अगदी ओक्साबोक्शी. इतक्या वर्षांत त्या संस्थेत हा शब्द माझ्या नावामागे कोणी मोठ्याने लावला नव्हता.

"आक्षेप नोंदवला," यंत्र म्हणालं. "साक्ष विवादित. डॉ. तोडकर यांच्या श्रेयांकात बदल नाही."

गोगटे धावले. "सर, आक्षेप मागे घ्या! नुसतं 'नाही' म्हणा!"

"का म्हणून?" सर चिडून म्हणाले. "चुकीचं काय बोललो मी?"

त्यांनी काही केल्या आक्षेप मागे घेतला नाही. आकडे कायम झाले आणि मी अध्यक्ष झाले नाही. निघताना सरांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "वृषाली, ती गोष्ट सांगितली का मी तुला, काचतारेची?" मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले आणि म्हटलं, सांगा. त्यांनी पहिल्यापासून सांगितली. त्यांच्या परीने.

अध्यक्षपद शाहीनने पटकावलं, जाळ्याच्या प्रमुखपदासकट. बेहेरे सरांपाठोपाठ तिचाच आकडा होता, आणि सर वयाच्या अटीत बसत नव्हते. पुढच्या अधिवेशनाची पत्रिका परवा आली. शेवटची ओळ मी दोनदा वाचली, 'श्री. निरंजन गोगटे आभार मानतील'. हे काम कोणाचं ते मला विचारावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी गोगट्यांचा फोन आला. आवाज पार दमलेला होता.

"डॉक्टर तोडकर, एक विचारू? आभारात कोणाकोणाची नावं घ्यायची असतात हो?"

"सगळ्यांची घ्या," मी म्हटलं. "स्वतःचं तेवढं सोडून."